बयाण्याचे चिरे

मु. कोंडतळे, वरची वाडी,
जि. रत्नागिरी.
नागपंचमीचा दुसरा दिवस.

तीर्थरूप शिवादादांच्या पायांवर काशीरामचे डोके.

वहिनींना नमस्कार सांगावा आणि सानवीला आशीर्वाद. तिला असेही सांगावे की आजोबांच्या फोनवरून मला रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवणे तिने थांबवले तर माझ्या फोनात थोडी जागा होईल. (चित्रे तुम्ही स्वतःच पाठवत असाल तर ही सूचना रद्द समजावी.) इकडे मी, राही आणि म्हैस तिघेही ठीक आहोत. म्हैस दूध कमी देते, पण ती गेल्या वर्षीही कमीच देत होती, म्हणजे तिच्यात काही बिघाड नाही. तुमच्या रक्तातली साखर कितीवर आली ते कळवावे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशी दोन्ही कळवावी; मागच्या वेळी तुम्ही नुसते ‘बरी आहे’ म्हणालात, त्यावरून काहीच समजत नाही.

पाकीट पाहून तुमच्या मनात येईल की कोणी गेले की काय. कोणीही गेलेले नाही. फोन करता आला असता, पण मी फोन केला की तुम्ही ‘हां, बोल काशी’ म्हणता आणि मी मुद्द्यावर येतो न येतो तोच तुमच्या दाराची बेल वाजते. दर वेळी वाजते. निवृत्तीनंतरही तुमच्याकडे माणसांची एवढी ये-जा आहे ही समाधानाची गोष्ट आहे, पण माझा मुद्दा राहून जातो. आणि हा मुद्दा फोनवर मावणाराही नाही, कारण दादा, मी गोंधळलो आहे. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहितो आहे, तेव्हा अक्षर थोडे हलले असल्यास समजून घ्यावे. तुम्हाला माहीत आहे, आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पण वीज, पाणी, रेशन, पीकविमा, वारसनोंद, असा एक विषय नाही ज्यावर मी अर्ज लिहिलेला नाही. दोन्ही वाड्यांचे अर्ज माझ्याच हातचे. तहसीलमधले कारकून कागद हातात घेतला की खालची सही न बघता सांगतात, हा कोंडतळ्याच्या काशीरामचा. (मी डावीकडे समास सोडतो. आजकाल समास कोण सोडतो?) असा मी, आणि गेला महिनाभर एका गाडीच्या बयाण्यावरून मला हे कळेनासे झाले आहे की मी खरा आहे की खोटा.

गाडी म्हणजे आपलीच, गेल्या गणपतीत जिच्यातून तुम्ही राजापूरला जाऊन आलात आणि येताना वहिनींना जिच्यात मळमळले ती. तुम्ही तिला पांढरी म्हणता. ती मोतिया आहे, नोंदणीच्या पुस्तकात तसे लिहिलेले आहे. ती विकायची असे मी वैशाखात ठरवले, म्हणजे राहीने ठरवले. तिला घराला लागून पक्की न्हाणी हवी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गोठ्यामागच्या कुडाच्या न्हाणीत अंघोळ करते, आणि पावसाळ्यात तिथे आतून जेवढे पाणी अंगावर घ्यावे त्याहून जास्त वरून येते, हे तिचे म्हणणे अगदीच निराधार नाही. गाडी तरी ठेवा नाहीतर न्हाणी तरी बांधा, असे तिने मला सांगितले. मी गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक घरचेच मिळाले. खालच्या वाडीतला गंगाराम. तो चिरेखाणीत भागीदार आहे, खाणीचा टेम्पोही तोच चालवतो, तेव्हा शिकवण्याचा प्रश्न नव्हता. त्याला गाडी हवी होती ती आईसाठी. आईला म्हणजे आपल्या येसूकाकीला साखरेमुळे पायाची जखम भरत नाही, आणि दर आठवड्याला पट्टी बदलायला रत्नागिरीला न्यावे लागते. व्यवहार ठरला. बयाणा काय देतोस म्हटल्यावर तो म्हणाला, रोख आत्ता नाहीत, चिरे टाकू का? मला न्हाणीसाठी चिरेच घ्यायचे होते, आणि तेही त्याच्याच खाणीतून. त्याच्याकडून पैसे घ्यायचे, घरात फिरवून आणायचे आणि परत त्यालाच देऊन चिरे घ्यायचे, यात मला काही अर्थ दिसला नाही. त्याने टेम्पोभर चिरे आणून टाकले. चांगले, सरळ कडांचे, तांबूस, खाणीच्या खालच्या थरातले. (वरच्या थरातला चिरा भुसभुशीत असतो. हे तुम्हाला मुंबईत सांगून उपयोग नाही, पण माहीत असावे.)

मी रीतसर करारपत्र केले. स्टॅम्पपेपरवर, कलमवार. स्टेपनी आणि जॅक गाडीसोबत जातील. रबरी चटया जातील. पुढे काचेजवळ बसवलेली गणपतीची मूर्ती माझ्याकडे राहील, परंतु मूर्तीखालचा चिकटपट्टीचा डाग घेणाऱ्याने आहे तसा स्वीकारावा. ताबा देण्यापूर्वी सीटचे कव्हर शेळीने अथवा अन्य जनावराने खाल्ल्यास खर्च देणाऱ्याचा, नंतर खाल्ल्यास घेणाऱ्याचा. असा करार शहरातल्या वकिलालाही सुचला नसता. फक्त व्यवहार मोडला तर बयाण्याचे काय, एवढे एकच कलम मी घातले नाही. सुचले नाही असे नव्हे. पण गंगाराम समोर पाटावर बसून चहा पीत होता, आम्ही बालवाडीपासून एकत्र, आणि त्याच्यादेखत ‘तू मागे हटलास तर’ असे लिहायला माझा हात उचलेना. ‘मी मागे हटलो तर’ असे लिहिण्याचे काही कारणच नव्हते.

पावसाआधी न्हाणी उभी राहिली. सगळे चिरे लागले, उरलेल्या अर्ध्या चिऱ्याचा राहीने कपडे आपटायला दगड केला. ती आता तिथे इतका वेळ काढते की मला वाटायचे घसरून पडली की काय, म्हणून मी दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा जे उत्तर आले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

आणि मग गंगाराम येऊन म्हणाला, गाडी नको.

दादा, मी चिडलो. पण त्याचे कारण ऐकल्यावर मला नीट चिडताही येईना. वरच्या डांबरी रस्त्यापासून खालच्या वाडीत जायला फक्त पाखाडी आहे हे तुम्ही जाणताच, त्या पायऱ्यांवरून आपण लहानपणी धावलेलो आहोत. आता तिथून वाडीत रस्ता जायचा आहे. ग्रामपंचायतीने ठराव केला, मोजणीही झाली, आणि ज्यांच्या जमिनीतून रस्ता जातो त्यांची संमतीपत्रे गोळा झाली. सगळ्यांची झाली, एक सोडून. ते खातेदार मुंबईला असतात. नाव घेत नाही. नाव घेतले की माणूस दुखावतो. तर पावसाआधी रस्ता होणार म्हणून गंगारामने गाडीचा सौदा केला. एवढेच नव्हे, दारासमोरची माती कापून गाडीपुरती जागा केली, वर झावळ्यांचा मांडव घातला. मांडव तयार, गाडी तयार, फक्त गाडीने मांडवात यायचे कुठून हे राहिले. त्याचे म्हणणे असे की आता गाडी त्याची झाली तरी ती वरच उभी राहणार आणि आईला उचलूनच वर आणावे लागणार, आणि आजही तेच होते. आम्ही चौघे काकीला खुर्चीत बसवून पाखाडीने वर आणतो, वर माझी गाडी उभी असते, तिच्यातून मी तिला रत्नागिरीला नेतो, पेट्रोल गंगाराम भरतो. तो मला म्हणाला, “मंग इकत घिऊ कशाला? तुजी हाय ती बरी हाय.”

मी म्हटले ठीक, गाडी नको तर नको, बयाणा मात्र गेला. तो शांतपणे म्हणाला की चिरे परत हवेत. पाखाडीच्या मधल्या पायऱ्या पावसाने ढासळल्या आहेत, खुर्ची उचलणाऱ्यांतल्या सुजयचा पाय सटकला होता, आणि त्या पायऱ्या बांधायला चिरे लागतील. खाणीत आता पाणी भरले आहे, ती दिवाळीपर्यंत काही सुरू होत नाही. तालुक्यात कोणाकडे सुटे चिरे नाहीत. म्हणजे असलेले चांगले चिरे माझ्या न्हाणीत आहेत आणि न्हाणीत राही आहे. मी पैसे देऊ केले. तो म्हणाला, पैशावर पाय ठेवून आई वर येनार हाय काय? राहीला विचारले. ती म्हणाली, “न्हाणीला हात लावलात तर मी त्या गाडीत बसून अंघोळ करीन.” ती करील, दादा.

तेव्हा मी हा प्रश्न मुळापासून अभ्यासायला घेतला. घेणारा मागे हटला तर बयाणा परत द्यावा की न द्यावा? करारांच्या कायद्यावरचे एक मराठी पुस्तक माझ्याकडे आहे (मुखपृष्ठ नाही, पण कलमे सगळी आहेत). त्यात असे दिसते की बयाणा म्हणजे शब्दाची हमी. शब्द मोडला की ती बुडते. पण नुसती आगाऊ रक्कम असेल तर ती किमतीचा भाग. व्यवहार नाही तर किंमत नाही आणि किंमत नाही तर भागही परत. उत्तम. आता मला सांगा, चिरे हे हमी होते की किमतीचा भाग? चिऱ्यावर तसे काही लिहिलेले नसते. मग मी रत्नागिरीच्या एका मोठ्या शोरूमला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितले की बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत, सर. मी म्हटले, बरोबर आहे, मिळू नयेतच. तशी ती घाबरून म्हणाली, नाही सर, अर्ज केलात तर थोडे कापून मिळतात. मी म्हटले, अर्ज कोणाच्या नावे करावा आणि कापण्याचा आधार काय? तिने मला साहेबांकडे जोडून दिले, आणि साहेबांच्या जागी बराच वेळ सनई वाजली. राजापूरला जुन्या गाड्यांचा एक दलाल माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, टोकन गेले म्हणजे गेले, त्यावरच आमचे घर चालते. मी विचारले, गिऱ्हाईक नात्यातले असेल तर? तो म्हणाला, नात्यातल्याला मी गाडी विकतच नाही. राहीचा भाऊ हर्णैला असतो, त्याला विचारले. तो म्हणाला, आमच्याकडे संध्याकाळी बोली लागली आणि घेणारा उलटला तर मासळी काही वाट बघत नाही, नुकसान तिथल्या तिथे होते, मग भरपाई हवीच. गाडी नासत नाही, मग नुकसान काय झाले? यावर मी रात्रभर विचार केला. गाडी नासत नाही हे खरे. पण पावसात वापर नसला की बॅटरी उतरते. म्हणजे थोडी नासते. मग थोडे चिरे ठेवून बाकीचे द्यावेत का? न्हाणीच्या कोणत्या भिंतीतले? तुम्हीच पाहा, माणसाने कितीही शिकावे, शेवटी भिंत मधे येतेच.

इथवर माझा गोंधळ माणसाला शोभेल इतका होता. पुढचे ऐका. एका सकाळी गंगाराम आला, ओट्यावर बसला, छत्री मिटवली आणि म्हणाला, “काशी, माजा येक अर्ज लिवून दे. तंटामुक्ती समितीला.” मी कोणाविरुद्ध म्हणून विचारले. “तुज्याविरुद्द. पन नीट लिव हां. माज्या बाजूनं लिव.”

तुम्ही म्हणाल, मी नाही म्हणायला हवे होते. मीही तेच म्हणत होतो. पण दोन्ही वाड्यांत दुसरा अर्ज लिहिणारा नाही, आणि आजवर मी दारात आलेल्या माणसाला अर्ज नाकारलेला नाही. शिवाय मी नकार दिला असता तर तो राजापूरला जाऊन कोणातरी अर्धवट टंकलेखकाकडून करून आणणार, त्यात ‘विनंती’च्या जागी ‘विंनती’ येणार, आणि माझ्याविरुद्धचा अर्ज असा गबाळा निघालेला मला चालला नसता. मी समास सोडला आणि लिहायला बसलो. प्रथम वाटले, जरा सैलच लिहावे. पण एकदा पेन चालू झाले की माझ्याने सैल लिहवत नाही. मी लिहिले की करारात बयाणा बुडण्याचे कलम नाही, आणि करार ज्याने लिहिला त्याच्याच बाजूने त्यातली संदिग्धता वाचू नये. मी लिहिले की सौद्याचा पायाच रस्ता होता, रस्ता अर्जदाराच्या दोषाने अडलेला नाही, आणि ज्याचा दोष नाही त्याने दंड का भरावा? शेवटी येसूकाकीच्या पायाचे लिहिले. ते लिहिताना माझेच डोळे भरून आले. गंगारामला वाचून दाखवले, तो म्हणाला, एवढा मी खरा हाय हे मला म्हाईत नव्हतं. मी त्याच्याकडून नेहमीप्रमाणे काही घेतले नाही. चहा राहीने दिला.

मग माझे उत्तर लिहिणे आले. दादा, इतका कठीण कागद मी आजवर लिहिलेला नाही. समोरचा अर्ज इतका घट्ट होता की त्यात बोट घालायला फट नव्हती. तरी मी लिहिले: बयाणा घेतल्यावर मी दोन गिऱ्हाइके परत पाठवली (एक खरोखरचे, एक नुसते बघायला आलेले). चिरे बांधकामात गेल्यावर ते चिरे राहत नाहीत, भिंत होतात, आणि भिंत बयाणा म्हणून कोणी दिलेली नव्हती. आणि रस्ता होण्याआधी गाडी घेणे ही घेणाऱ्याची घाई, तिचा भुर्दंड देणाऱ्यावर का? वाचून पाहिले तर हेही पटले. अगदी पूर्ण पटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ज्यावर नजर जाई तो खरा वाटे.

समितीचा अध्यक्ष सुजय आहे. वय कमी, पण गावात उरलेल्यांत बिनकामाचा तोच, म्हणून अध्यक्ष झाला. सभा शाळेच्या पडवीत झाली. त्याने दोन्ही अर्ज मोठ्याने वाचले, आणि पहिला संपल्यावर लोकांनी मान डोलावली, दुसरा संपल्यावरही तशीच डोलावली. सुजय मला म्हणाला, “काका, दोन्ही बरोबर वाटतात हो. आता निकाल पण तुम्हीच लिहा, समितीचे सचिव तुम्हीच आहात.” हे खरे आहे. गेल्या वर्षापासून इतिवृत्त मीच लिहितो, कारण आधीच्या सचिवाचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नसे. मी हरकत घेतली की अर्जदाराचा लेखक मी, सामनेवाला मी, आणि निकालही मीच लिहिणे हे न्यायाला धरून नाही. गंगाराम उठून म्हणाला की त्याची काही हरकत नाही, काशी लिहील ते नीटच लिहील. त्याने माझ्यावर असा विश्वास टाकल्यावर माझ्याकडे पळायला जागा उरली नाही.

त्याच आठवड्यात काकीला पट्टीला न्यायचे होते. खुर्ची प्लास्टिकची, हातांखालून दोन बांबू बांधलेले, पुढे मी आणि गंगाराम, मागे सुजय आणि निलेश. पाऊस थांबलेला होता पण पायऱ्यांवर शेवाळ. मी गंगारामला सहज विचारले की निकालात अर्धे चिरे दिले तर चालेल का. तो म्हणाला, अर्ध्या पायऱ्या बांधून आई अर्ध्यापर्यंतच येईल. मी म्हटले, मग तू करार करताना रस्त्याची अट का घातली नाहीस? तो म्हणाला, करार तू लिवलास. मागून सुजयने अध्यक्ष या नात्याने सांगितले की हा विषय सभेबाहेर चर्चेला घेऊ नये. निलेशने सांगितले की ओझे खांद्यावर असताना कोणताच विषय घेऊ नये. आवाज वाढले असावेत. खुर्ची डावीकडे झुकली. मधल्या वळणावर एक मोठा काजू आहे, तिथे येसूकाकीने आम्हाला खुर्ची खाली ठेवायला लावली. आम्ही ठेवली. तिने पदराने तोंड पुसले, पट्टीचा पाय हाताने उचलून सरळ केला आणि आधी वर बघितले, जिथे गाडीचे छत दिसत होते, मग खाली, जिथे तिच्या घराची कौले आणि तो रिकामा मांडव.

“गाडी वर हाय,” ती म्हणाली, “मी खाली हाय. आनि तुमी दोगं मदी भांडताव.”

मग ती म्हणाली, भांडून झालं असंल तर उचला, डाक्टर जेवायला जाईल. आम्ही उचलली. गाडीत ती मागे आडवी, गंगाराम तिचा पाय मांडीवर घेऊन. पावस गावच्या उतारावर त्याने मला हळू घे म्हणून सांगितले, मी हळू घेतली. त्या वेळी आम्हा दोघांत गाडी विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आले नसते. मला आतूनही सांगता येत नव्हते.

तर अशी परिस्थिती आहे. निकालाचा कागद माझ्यापुढे आहे. समास सोडलेला आहे. वर ‘निर्णय’ एवढे लिहून खाली रेघ मारली आहे, आणि पुढे काही सुचत नाही. चिरे परत द्या म्हणावे तर राही गाडीत अंघोळीला बसेल. देऊ नका म्हणावे तर पुढच्या आठवड्यात त्याच शेवाळलेल्या पायऱ्यांवर त्या बाईला घेऊन मलाच चढायचे आहे. तुम्ही गोदीत हयात काढलीत, किती जहाजांचा माल चढताना-उतरताना पाहिलात. सौदा मोडला तर तिथे इसाऱ्याचे, म्हणजे बयाण्याचे, काय करीत, ते सविस्तर कळवावे. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे. तुम्ही जे लिहाल ते मी समितीपुढे तसेच्या तसे ठेवीन. वहिनींच्या पाठदुखीला ओव्याची पोटली चालेल काय ते विचारून पाहावे. तब्येतीला जपावे.

तुमचा धाकटा,
काशीराम

ता. क. : पाकिटात आणखी एक घडी केलेला कागद निघेल, त्याने दचकू नये. ते संमतीपत्र आहे. मी स्वतः लिहिले आहे, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. (सही शाईने करावी.) वर ज्यांचे नाव घेतले नाही ते खातेदार तुम्ही, हे तुम्ही पाखाडीपाशीच ओळखले असेल. ज्या काजूखाली आम्ही खुर्ची टेकवली तो काजूही तुमच्याच वाट्याचा. मोजणीप्रमाणे तो वाचतो, त्याच्या शेजारचे दोन जातात. तुम्ही सही केलीत तर पावसानंतर रस्ता होईल, गंगाराम गाडी घेईल, मागे कोणी हटलेच नाही असे ठरेल, चिरे भिंतीत राहतील आणि मला निकाल लिहावा लागणार नाही. गोदीतल्या इसाऱ्याबद्दल मग कळवले नाहीत तरी चालेल. खरे सांगायचे तर तिथे काय करीत हे मला ठाऊक आहे, मी पुस्तकात वाचले आहे.

ता. क. दुसरा : वरचे सगळे राहीला वाचून दाखवले. ती म्हणाली, एवढी पाने कशाला, सरळ पहिल्या ओळीत सही मागायची. आणि म्हणाली, मुख्य ते लिहिलेच नाही. म्हणून लिहितो. मी गाडी विकायला काढल्याचे कळल्यावर तुम्ही फोनवर कोणाला तरी म्हणालात की रस्ता झाला की काशीच्या गाडीचा भाव वाढतो, म्हणून तो रस्त्याच्या मागे आहे. ते माझ्या कानावर आले. मी तेव्हा बोललो नाही. तर गाडीची किंमत करारात रस्त्याआधीच ठरली आहे, कलम तीन, ती रस्त्यानंतर बदलणार नाही. आणि सात-बाऱ्यावर तुमच्या खाली माझेही नाव आहे. जेवढी जमीन तुमची जाते तेवढीच माझी जाते. मी माझी सही वैशाखातच केली.

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घालून ठेवले होते, पण दोन दिवस पोस्टमन आला नाही, तेव्हा पुन्हा फोडले. काल सुजय निकाल मागायला आला. मी कागदावर लिहून दिले की, सर्व खातेदार गणपतीला गावी येत असल्याने निर्णय तोवर राखून ठेवण्यात येत आहे. दोन्ही पक्षांनी मान डोलावली. दुसरी बातमी अशी की निलेशला तुमच्याच बाजूला, ठाण्याला काम लागले, तो सोमवारी निघतो. काकीची पट्टी मात्र डॉक्टर म्हणतात दिवाळीपर्यंत चालेल. तेव्हा दादा, येताना संमतीपत्र घेऊन यावे. विसरलात तरी हरकत नाही. खुर्चीचे मागचे उजवे टोक तुमच्यासाठी मोकळे ठेवले आहे. (चढावर मागच्यांवर भार जास्त येतो, हे आधीच कळवून ठेवतो.)